घरातील बिनतारी : परवान्यापासून पासवर्डापर्यंत

सवाई जयसिंग यांनी इ. स. १७२७ मध्ये जयपूरचा पाया घातला, तेव्हा नगर वसवावयाचे ते मोजूनमापूनच, हा त्यांचा दंडक होता. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेल्या या नगरात नऊ चौकड्या, त्यांच्यामधून जाणारे सरळ राजमार्ग, सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत पूर्व-पश्चिम धावणारा मुख्य रस्ता आणि भोवती तट अशी सारी रचना सूत्राने रेखलेली आहे. या राजाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. ते मूळचे महाराष्ट्रीय, असे परंपरा सांगते. यूक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला. त्याच दरबारच्या विद्येतून जंतरमंतर उभे राहिले, आणि त्यातील सम्राट यंत्राची दगडी सावली आजही दोन सेकंदांइतक्या सूक्ष्मतेने वेळ दाखविते.

दगडाच्या साहाय्याने आकाशाचे मापन करणाऱ्या या नगरात गेल्या वीस वर्षांत आकाशमार्गाचाच एक निराळा व्यवहार घरोघर शिरला आहे; आणि त्याला मात्र दगड आडवा येतो. जुन्या शहरातील हवेलीत हात-दीड हात जाडीच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा, मध्ये उघडा चौक आणि चौकाभोवती दालने अशी बांधणी असते. या भिंतींनी उन्हाळ्याची झळ बाहेर ठेवली, रस्त्यावरचा गोंगाट बाहेर ठेवला. आता त्याच भिंती एका दालनात लावलेल्या राउटरचे बिनतारी तरंग दुसऱ्या दालनात जाऊ देत नाहीत. घरातील एका मुलास अभ्यासाचा पाठ दिसतो, भिंतीपलीकडील दुसऱ्यास दिसत नाही. उपकरण बिघडले, असा समज होतो. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते. घराची आणि तरंगांची ओळख झालेली नसते, एवढेच.

ही ओळख आज गृहस्थास करून घ्यावी लागते, याला एक इतिहास आहे. बिनतारी उपकरण घरात ठेवावयाचे तर सरकारची अनुज्ञा घ्यावी लागे, असा काळ या देशात दीर्घकाल होता. ते बंधन हळूहळू सुटले. परंतु बंधनाबरोबर जो सांभाळ सरकारकडे होता, तोही गृहस्थाच्या पदरात पडला. हे दुसरे स्थित्यंतर पुष्कळांच्या ध्यानी आले नाही, आणि त्याचे मोल एकदा फार कठोरपणे चुकवावे लागले.

बिनतारी तरंग भिंतीतून जातात, हे लोकांना प्रत्यक्ष दाखविणाऱ्या पहिल्या मंडळींत एक भारतीय होता. मॅक्सवेलने १८६० च्या दशकात विद्युच्चुंबकीय तरंगांचे गणित मांडले. हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये ते प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेल्या तरंगांनी मधल्या भिंती ओलांडून दूरच्या खोलीतील घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. बसूंनी वापरलेले तरंग फार आखूड, काही मिलिमीटर ते सेंटिमीटर लांबीचे होते. मार्कोनीने पुढे दूर पल्ल्याच्या संदेशवहनासाठी लांबच लांब तरंग घेतले, आणि बिनतारी विद्या समुद्र ओलांडून गेली. आखूड तरंग जवळजवळ शतकभर मागे पडले. आज घरगुती जाळ्यात वापरले जाणारे तरंग सुमारे साडेबारा आणि साडेपाच सेंटिमीटर लांबीचे आहेत. म्हणजे बसूंच्या प्रयोगशाळेतील आखूड तरंगांच्या घराण्याकडेच बिनतारी पुन्हा वळली, असे म्हणावयास हरकत नाही.

विज्ञान इतके पुढे गेले, तरी कायद्याने आपली जागा आधीच धरली होती. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्र उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. मुंबईच्या रेडिओ क्लबाने १९२३ मध्ये हौसेने कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईतच इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्‌घाटन झाले. ऐकणाऱ्याने वर्षाकाठी दहा रुपयांचा परवाना घ्यावयाचा, आणि त्यातून कंपनीने आपला खर्च भागवावयाचा, अशी योजना होती. परंतु परवाने काही हजारांच्या पलीकडे गेले नाहीत, आणि विनापरवाना ऐकणाऱ्यांना धरावयाचे साधन नव्हते. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रक्षेपण सरकारने हाती घेतले.

त्यानंतर १९३३ चा भारतीय बिनतारी तार अधिनियम आला. या कायद्याने केवळ प्रक्षेपणावर नव्हे, तर बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यावरही परवाना बसविला. विनापरवाना यंत्र सापडल्यास पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. जयपूर तेव्हा संस्थान होते. ३० मार्च १९४९ रोजी बृहत् राजस्थान राज्य अस्तित्वात येऊन जयपूर त्याची राजधानी झाली, आणि पुढे देशाचा हा कायदा तेथील रेडिओधारकांनाही लागू झाला. ९ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीचे जयपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा घरी रेडिओ घेणाऱ्याने टपाल कचेरीत जाऊन परवान्याची पुस्तिका करून घ्यावयाची आणि दरवर्षी शुल्क भरून तीत तिकिटे चिकटवून घ्यावयाची, हा देशभरचा परिपाठ होता. जयपूरच्या जोहरी बाजारातील पेढी असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतील दोन खोल्यांचे बिऱ्हाड असो, रेडिओ कोणाच्या नावावर आहे, कोठे ठेवला आहे, याची नोंद सरकारदप्तरी असे. हा रेडिओ तरी केवळ ऐकणारा. बोलणारे यंत्र, म्हणजे प्रक्षेपक, घरात ठेवावयाचा तर हौशी बिनतारी मंडळींना परीक्षा देऊन वेगळी अनुज्ञा मिळवावी लागे. रेडिओ ऐकण्याचा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यास रद्द झाला. प्रक्षेपकाचे बंधन मात्र कायम राहिले.

घरगुती बिनतारी जाळे समजून घेताना हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. राउटर हा रेडिओच आहे. पण तो नुसता ऐकत नाही, बोलतोही. त्याच्याशी जोडलेला भ्रमणध्वनी, संगणक, दूरचित्रवाणी संच हीही सारी बोलणारीच यंत्रे आहेत. जुन्या कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर आजच्या मध्यम स्थितीच्या घरात पाचसहा प्रक्षेपक अहोरात्र चालू असतात. हे शक्य होण्यासाठी आधी तरंगांचा एक पट्टा कोणाच्याही मालकीचा नाही, असे ठरावे लागले.

तो निर्णय प्रथम अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रांनी मिळून तरंगांचे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील यंत्रांसाठी राखून ठेवले होते. अन्न तापविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यांतील एका पट्ट्यात, २,४५० मेगाहर्ट्‌झवर, चालतात. संदेशवहनाच्या दृष्टीने हे पट्टे म्हणजे गोंगाटाने भरलेले उकिरडेच समजले जात. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने या पट्ट्यांत अल्पशक्तीची उपकरणे परवान्यावाचून वापरण्यास मुभा दिली. अट अशी की, संदेश एका बारीक रेषेवर न पाठविता रुंद पट्ट्यावर पसरून पाठवावयाचा. लष्करी उपयोगासाठी वाढविलेली ही युक्ती गोंगाटात टिकाव धरणारी होती. नेदरलंड्‌समधील उट्रेख्टजवळ एनसीआर कंपनीचे अभियंते दुकानांतील गल्ल्याची यंत्रे तारेवाचून जोडण्याच्या खटपटीत होते; त्यांनी ही संधी घेतली. त्यांच्यातील व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली १९९० पासून एक समिती बसली, आणि १९९७ मध्ये ८०२.११ या क्रमांकाचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदास दोन मेगाबिट एवढाच होता. १९९९ मध्ये तो अकरावर गेला, आणि त्याच सुमारास ‘वाय-फाय’ हे व्यापारी नाव रूढ झाले.

याच इतिहासातील एक प्रकरण जयपूरच्या हवेलीत राहणाऱ्याने विशेष ध्यानी घ्यावे असे आहे. बंद खोलीत तरंग भिंतींवर आपटून परततात आणि मूळ तरंगांत मिसळून संदेश अस्पष्ट करतात. घुमटाखाली केलेले भाषण प्रतिध्वनींनी जसे कळेनासे होते, तसेच हे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेतील जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात यावर उपाय काढला. एकच संदेश वेगाने पाठविण्याऐवजी त्याचे अनेक भाग करून ते निरनिराळ्या कंप्रतांवर सावकाश पाठवावयाचे, म्हणजे एका भागाचा प्रतिध्वनी विरेपर्यंत दुसरा येत नाही. ओ’सुलिव्हन यांनी पूर्वी कृष्णविवरांकडून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरींचा शोध घेतला होता. त्या लहरी सापडल्या नाहीत. परंतु त्या कामात हाती आलेले गणित घरातील भिंतींच्या उपयोगी पडले.

भारतात सार्वजनिक इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, परंतु बिनतारी जाळ्यावर १९३३ च्या कायद्याची सावली होती. २८ जानेवारी २००५ रोजी केंद्र सरकारने नियम काढून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून मुक्त केले. प्रक्षेपकाची शक्ती एक वॉटपर्यंत, अँटेनासह प्रभावी शक्ती चार वॉटपर्यंत, आणि अँटेनाची उंची छपरापासून पाच मीटरच्या आत, या त्यातील मुख्य मर्यादा होत. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यास याच सुमारास घरातल्या घरात वापरण्यापुरती मुभा मिळाली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ती पुष्कळ विस्तृत झाली. ज्या देशात नुसता ऐकावयाचा रेडिओ नोंदवावा लागे, तेथे बोलणारे यंत्र बाजारातून आणून भिंतीला टांगण्याची मोकळीक झाली. टपाल कचेरीतील पुस्तिका गेली. तिच्या जागी गृहस्थाची स्वतःची समज यावयास हवी होती.

ही समज म्हणजे काय, ते जयपूरच्याच घरात पाहणे सोयीचे आहे. पहिली गोष्ट अशी की, वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. रस्त्यावरून तांब्याच्या तारेने किंवा काचेच्या तंतूने इंटरनेट घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. उंबरठ्यावर मोडेम त्याला घरात घेतो. तेथून पुढे घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र क्रमांक देऊन ज्याचा त्याला संदेश पोचविण्याचे काम राउटर करतो; आणि हे वाटप तारेवाचून व्हावे म्हणून राउटरात रेडिओ बसविलेला असतो. पुष्कळदा ही तिन्ही कामे एकाच डबीत असतात, म्हणून ती एकच वाटतात. नळाचे पाणी हौदात येते आणि हौदातून ते घरात फिरते. हौद भरलेला असून स्वयंपाकघरात पाणी येत नसेल, तर नगरपालिकेकडे तक्रार करून भागत नाही. तद्वत् राउटरजवळ तारेने जोडलेल्या संगणकावर वेग पुरेसा मिळत असेल आणि दूरच्या दालनात मिळत नसेल, तर दोष बाहेरील वाहिनीचा नसून आतील वाटपाचा आहे.

दुसरी गोष्ट जागेची. इंटरनेटची तार बहुधा पुढच्या ओसरीतून येते, आणि कारागीर राउटर तेथेच ठोकून जातो. त्यामुळे निम्मे तरंग रस्त्यावर आणि निम्मे घरात जातात. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्यावर असावा. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि आरसे ही त्याची अडचण होत. आरशाच्या पाठीवर धातूचा लेप असतो, आणि धातू तरंगांना परतवून लावतो. आमेरच्या किल्ल्यातील शीशमहालात एका ज्योतीचे शेकडो प्रतिबिंबांत रूपांतर होते, तसाच हा प्रकार, फक्त डोळ्यांना न दिसणारा. जयपूरच्या जुन्या बांधणीत एक सोयही आहे. मधला चौक उघडा असल्याने, चौकाकडे तोंड असलेल्या ओवरीत राउटर ठेवला, तर तरंग भिंती फोडण्याऐवजी चौकातून फिरून दारे, जाळ्या आणि झरोके यांच्या वाटे चारी बाजूंच्या दालनांत शिरतात. तरीही एखादे दालन कोरडे राहिले, तर तेथपर्यंत तार ओढून दुसरा बिनतारी खांब, म्हणजे तारेने जोडलेला दुसरा प्रक्षेपक, लावावा. तारेवाचूनच तरंग उचलून पुढे फेकणारी यंत्रे मिळतात; पण त्यांना आधी क्षीण तरंग ऐकू येतात आणि ती तेच पुढे पोचवितात. दगडी घरात तारेला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट कंप्रतेची. अडीचच्या जवळचा पट्टा लांब तरंगांचा; तो भिंतीतून त्यातल्या त्यात बरा जातो, पण त्याचा वेग कमी आणि त्यात गर्दी फार. पाचचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण जाड भिंतीपाशी तो थकतो. म्हणून ज्या दालनात राउटर आहे तेथील यंत्रांना पाचचा आणि भिंतीआडच्या यंत्रांना अडीचचा पट्टा द्यावा. गर्दीचे कारण असे की, एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे चालविले, तेव्हापासून हा प्रश्न अभ्यासला गेला आहे. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाते. मग प्रत्येकाने थोडे थांबून पुन्हा बोलावयाचे. वाय-फाय त्याहून सभ्य आहे. ते आधी कानोसा घेते आणि मग बोलते. परंतु शेजारच्या दहा बिऱ्हाडांचे राउटर एकाच वाहिनीवर असले, तर कानोसा घेण्यातच वेळ जातो. अडीचच्या पट्ट्यात भारतात तेरा वाहिन्या आहेत. पण त्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने पहिली, सहावी आणि अकरावी या तीनच परस्परांना धक्का न देता चालतात. सी-स्कीमसारख्या नव्या वस्तीतील बहुमजली इमारतीत भिंती पातळ असतात, तेव्हा तेथे अडचण दगडाची नसून शेजाऱ्यांची असते. जुन्या शहरात भिंत शत्रू होते, तर तीच भिंत शेजाऱ्याचा गोंगाट अडवून मित्रही होते.

यासाठी जयसिंगांचाच दंडक पाळावा : आधी मोजावे, मग मांडावे. हातात भ्रमणध्वनी घेऊन दालनादालनांत तरंगांचे बळ आणि वेग टिपून कागदावर घराचा नकाशा काढला, की राउटर कोठे हवा हे तो नकाशाच सांगतो. महागडे यंत्र विकत घेण्याआधी अर्धा तास हे काम केले, तर पुष्कळदा खरेदीची गरज उरत नाही.

इतके साधले म्हणजे जाळे चालू होते. पण ते सुरक्षित होत नाही. तरंग भिंतीपाशी थकतात, हे खरे. परंतु खिडकीतून ते रस्त्यावर जातातच. घराचे दार लावलेले असताना घराचे जाळे मात्र रस्त्यावर उघडे असू शकते. या उघडेपणाचा अर्थ देशाला २००८ साली कळला.

त्या वर्षी १३ मे रोजी सायंकाळी जयपूरच्या जुन्या शहरात, बाजारांत आणि देवळांपाशी, एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. दुसऱ्या दिवशी या कृत्याची जबाबदारी सांगणारे पत्र वृत्तसंस्थांकडे इंटरनेटवरून आले. ते दिल्लीजवळच्या साहिबाबाद येथील एका सायबर कॅफेतून धाडलेले असल्याचे तपासात आढळले. पुढे २६ जुलै रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. या वेळी पत्र स्फोटांच्या काही मिनिटे आधी आले, आणि त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपाशी पोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातील बिनतारी जाळ्यास कुलूप नव्हते, आणि बाहेरील कोणी त्याचा उपयोग करून निघून गेले होते. ऑगस्टमध्ये आलेले पत्र माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून, आणि सप्टेंबरात दिल्लीतील स्फोटांच्या वेळचे पत्र चेंबूरमधील एका कचेरीच्या जाळ्यावरून गेल्याचे निष्पन्न झाले. सायबर कॅफेत निदान येणाऱ्याजाणाऱ्यास पाहणारा कोणी बसलेला असतो. उघड्या जाळ्याला ना मालक दिसतो, ना पाहुणा.

या घटनांतून एक कटू सत्य पुढे आले. बाहेरच्या जगाला घरातील सर्व यंत्रे मिळून एकच पत्ता दिसतो, आणि तो पत्ता जोडणी घेणाऱ्याच्या नावावर असतो. कोणीही, कोठूनही, त्या जाळ्यावर येऊन जे काही करील त्याचा माग त्याच घराच्या दाराशी येतो. १९३३ च्या कायद्यात यंत्र कोणाचे, हे सरकारला ठाऊक असे. २००५ नंतर यंत्र मोकळे झाले. यंत्राचा उपयोग कोण करीत आहे, हे मात्र घरमालकालाच ठाऊक असणे शक्य होते, आणि तोही अनभिज्ञ राहिला. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्त्यारस्त्यांतून फिरून उघडी जाळी शोधण्याची मोहीम काढली, आणि फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने जोडणी देणाऱ्या कंपन्यांना बिनतारी जाळी सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या.

कुलूप घालणे कठीण नाही. मात्र कुलूप कोणते, हे पाहावयास हवे. वाय-फायबरोबर प्रथम आलेली ‘वेप’ ही संकेतपद्धती २००१ मध्येच फोडली गेली, तरी कित्येक वर्षे ती यंत्रांत राहिली. २००४ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ या आजच्या वापराच्या पद्धती होत. नवे यंत्र आणल्यावर त्याच्या व्यवस्थेत शिरून यांपैकी एक निवडावी. जाळ्याचा पासवर्ड लांब असावा. घराचे नाव किंवा मुलाची जन्मतारीख यांचा तो नसावा. याखेरीज राउटरच्या व्यवस्थेचा स्वतःचा एक पासवर्ड असतो. तो कारखान्यातून येताना त्या नमुन्याच्या पुष्कळ यंत्रांत एकच असतो, आणि बहुतेक घरांत तो कधीच बदलला जात नाही. म्हणजे तिजोरीला कुलूप आहे, पण किल्ली बाजारात मिळते. आठ अंकी क्रमांकाने यंत्र जोडण्याची सोय बंद ठेवावी. राउटरमधील कार्यप्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय बहुतेक यंत्रांत आहे. तीमुळे आतिथ्य होते आणि घरचे कागदपत्र ठेवलेल्या संगणकांपासून पाहुणे दूरही राहतात. भारतीय घरात पाहुण्याने पाणी मागावे तसा आता पासवर्ड मागावा, हे स्वाभाविक झाले आहे. पाणी द्यावे, रांजण रस्त्यावर ठेवू नये.

घरगुती जाळ्याचे महत्त्व जयपूरला आणखी एका प्रसंगी उमगले. भरती परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राजस्थानात भ्रमणध्वनीवरील इंटरनेट काही तासांपुरते बंद ठेवण्याचे आदेश वारंवार निघाले. जुलै २०१८ मध्ये पोलीस शिपायांच्या भरतीपरीक्षेच्या वेळी, आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत, असे झाले. अशा आदेशांतून तारेने घरी येणारे इंटरनेट बहुधा वगळलेले असते. परिणाम असा की, ज्याच्या घरी जोडणी आणि राउटर होता त्याचे व्यवहार चालू राहिले. ज्याचे सारे इंटरनेट खिशातल्या भ्रमणध्वनीत होते, तो रिक्षावाला, फेरीवाला, भाड्याच्या खोलीत राहून परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, त्या दिवसापुरता जगापासून तुटला. जयपूर रेल्वे स्थानकावर २०१६ पासून प्रवाशांसाठी विनामूल्य वाय-फाय आहे. पण स्थानकावरील बाक म्हणजे घर नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हाही हाच भेद साऱ्या देशात दिसला. परवान्याच्या काळी दहा रुपये भरू शकणारा आणि न शकणारा असे दोन वर्ग होते. तरंग मोकळे झाले, तरी उंबरठ्यापर्यंतची तार मोकळी झालेली नाही. म्हणून ज्या घरात ती आली आहे, त्या घराने आपले जाळे व्यवस्थित ठेवणे आणि गरजू शेजारच्या मुलास पाहुण्यांच्या जाळ्याचा पासवर्ड देऊन ओळखीने आत घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच नागरिकधर्माच्या बाजू आहेत. उघडे टाकणे वेगळे आणि वाटून घेणे वेगळे.

२०२३ मध्ये संसदेने १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. टपाल कचेरीच्या तिकिटांनी भरलेल्या परवान्यांच्या पुस्तिका आता जुन्या पेटाऱ्यांत किंवा संग्राहकांकडेच सापडतात. त्यांतील प्रत्येकीवर एक नाव, एक पत्ता आणि एका वर्षाची मुदत असे. आजच्या राउटरवर असे काही लिहिलेले नसते. ते यंत्र कोठे ठेवावयाचे, कोणत्या वाहिनीवर चालवावयाचे, त्याची किल्ली कोणाला द्यावयाची आणि ती केव्हा बदलावयाची, हे सारे ज्याच्या भिंतीवर ते टांगलेले आहे त्यानेच ठरवावयाचे आहे.